आधी पेटी, मग कंप्युटर

जयवंताताई तेलगोटे यांच्याविषयी किसनराव मेहरे यांना नेमकं किती माहीत होतं, असं कुणी रोखठोक विचारलं असतं तर ते बोटांवर मोजू लागले असते. पाच-सहा वर्षांची ओळख. त्यात भेटी पंचवीस-तीस, आणि त्याही नांदगाव पेठच्या सूतगिरणीतल्या एकाच खोलीत, बहुतेक वेळा टेबलाखाली वाकून. ताई अकोल्याच्या, कौलखेडला राहतात, एवढं ठाऊक. घरी कोण असतं, नवरा आहे की नाही, मुलंबाळं किती, यातलं किसनरावांनी कधीच काही विचारलं नाही. विचारावंसं वाटत नव्हतं असं नाही. कसं विचारायचं, हे त्यांना जन्मभर कुणाच्याच बाबतीत जमलं नव्हतं.

मागच्या दसऱ्याच्या आठवड्यात ताई गेल्या. किसनराव वर्तमानपत्रात पांढऱ्या शेवंतीचा भारा बांधून एसटीने अकोल्याला गेले. कौलखेडात तीन जणांना विचारत विचारत घर सापडलं. दारात एक तरुण बाई उभी होती. तिने फुलं पाहिली, फुलांचे लांब देठ पाहिले आणि विचारलं, "तुमी पेटीवाले किसनभाऊ का?"

ती ताईंची मुलगी, नीलम. ताईंना मुलगी आहे, हे किसनरावांना त्या दिवशी कळलं. ताईंचे वडील तेलगिरणीत वायरमन होते, ताई आयटीआयला वर्गात एकट्याच मुलगी होत्या, आणि यजमान गेल्यावर त्यांनी दुकानातली नोकरी सोडून खांद्यावर दुरुस्तीची पिशवी घेतली, हेही तिथेच, परक्या माणसांच्या बोलण्यातून कळलं.

यंदा वर्ष व्हायला आलं तेव्हा नीलमचा फोन आला. आठवणींची छोटी पुस्तिका काढतोय, तुम्ही दोन ओळी लिहा. किसनरावांनी हो म्हटलं आणि तीन दिवस पेनाचं टोपण काढलं नाही.

"मले काय माहीत त्यायच्याबद्दल?" ते बायकोला म्हणाले.

माणिकबाई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "पेटीचं माहीत हाये नं? मंग तेवढंच सांगा."

तर ही पेटीची गोष्ट.

गिरणीत सूत तपासायची एक खोली आहे. तिथल्या यंत्रात सुताचा धागा दोन बारक्या पात्यांमधून पळतो, आणि तो कुठे जाड, कुठे बारीक, याचा आलेख कंप्युटरवर उमटतो. त्या आलेखाचा कागद जोडल्याशिवाय सूत गुंडाळलेले शंकू, म्हणजे कोन, गिरणीबाहेर जात नाहीत. किसनराव तिथे तीस वर्षं मदतनीस होते. निवृत्त झाल्यावरही गिरणीने त्यांना ठेवून घेतलं, कारण यंत्राचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. कंप्युटर चालवायची ती प्रणाली नावाची नवी मुलगी.

करोनाच्या आदल्या वर्षी तो कंप्युटर बंद पडला. जुनाट, पिवळा पडलेला डबा. त्याच्या पोटात यंत्राशी बोलणाऱ्या तीन लांब पट्ट्या, म्हणजे कार्डं, बसवलेली. पट्ट्या धडधाकट होत्या. त्या ज्या बोर्डावर उभ्या होत्या तो बोर्डच गेला. नागपूरहून आलेल्या माणसाने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि हसून म्हणाला, "ये तो अजायबघर में रखो." नवं यंत्र घेणं परवडणारं नव्हतं. मॅनेजर ओमप्रकाशजींनी खोली बंद करून सूत बाहेर तपासायला पाठवायचं ठरवत आणलं होतं. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, अकोल्यात एक बाई आहे, तिला दाखवून पाहा.

बाई आल्या त्या सकाळच्या गाडीने, बडनेऱ्याला उतरून. पन्नाशीच्या आसपास, फिका निळा पंजाबी ड्रेस, चष्म्याला दोरी, खांद्यावर जाड कापडाची पिशवी. खोलीत येऊन त्यांनी कंप्युटरकडे पाहिलंच नाही. विचारलं, "हे रोज चालू कोन करते?"

सगळ्यांनी किसनरावांकडे बोट दाखवलं. ताईंनी त्यांना स्टुलावर शेजारी बसवलं.

"बंद पडाच्या आंधी आवाज कसा येत होता, भाऊ?"

किसनराव गोंधळले. तीस वर्षांत त्यांना कुणी यंत्राबद्दल मत विचारलं नव्हतं. पूस, उचल, ठेव, एवढंच सांगितलं होतं.

"टिटवीवानी," ते शेवटी म्हणाले. "दोनदा ओरडे, मंग चूप."

ताईंनी ते वहीत लिहून घेतलं. टिटवी, दोन वेळा. प्रणाली तोंडावर ओढणी धरून हसली. ताई हसल्या नाहीत.

दोन आठवड्यांनी त्या परत आल्या त्या रिक्षात दोन खोकी घालून. एकात कंप्युटर, तोही जुनाच, पण जरा अलीकडचा. दुसऱ्यात एक लोखंडी पेटी. शिलाई मशीनच्या झाकणाएवढी, करड्या रंगाची, मागे पंखा. नव्या कंप्युटरात तसल्या लांब पट्ट्या बसतच नाहीत, त्यांच्या खाचा आखूड असतात. ताईंनी कुठून तरी मधल्या काळातला कंप्युटर शोधून आणला होता. त्याला लांब खाच होती, पण एकच. पट्ट्या तीन.

ओमप्रकाशजी दारात उभे राहून म्हणाले, "एक कुर्सी, तीन बाराती. कैसे बैठाओगे, मॅडम?"

"अंगनात बसवू नं, साहेब," ताई म्हणाल्या. "घरात जागा नसली म्हनून पाव्हने वापस धाडता का?"

आणि त्यांनी खरोखरच पाहुण्यांना अंगणात बसवलं. कंप्युटरच्या त्या एकुलत्या खाचेत एक साधी पट्टी बसवली. तिचं काम एकच, आतलं बोलणं बाहेर नेणं आणि बाहेरचं आत आणणं. त्या पट्टीला मागून मनगटाएवढी जाड केबल. केबलचं दुसरं टोक पेटीच्या पाठीत. पेटीत पाच लांब खाचा, तिची वीज तिची, तिचा पंखा तिचा. यंत्राच्या तीन पट्ट्या त्या खाचांत उभ्या राहिल्या. कंप्युटरला पत्ताही लागत नाही, की पट्ट्या आपल्या पोटात नसून हातभर दूर, टेबलाखाली आहेत.

किसनराव मान डोलवत राहिले. कळलं काहीच नव्हतं. ताईंच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या कुणाच्या आलं नसतं, कारण किसनराव सगळ्यांपुढे असेच मान डोलवायचे.

"भाऊ, घरी वावर हाये का?"

"हाये जी. दोन एकर. फुलं अन् भाजी."

"ठिबक हाये?"

"हाये."

"मोटर सुरू कराच्या आंधी काय करता?"

"कॉक उघडतो."

"काहून?"

"नाई उघडला तं पाइप फुटते."

"अन् बंद करताना?"

"पहिले मोटर. मंग कॉक."

"मंग झालं. पेटी म्हंजे कॉक अन् कंप्युटर म्हंजे मोटर. सुरू करताना आंधी पेटी, मंग कंप्युटर. बंद करताना उलटं. पाहा, तुमाले तं सगळं येते!"

कारणही त्यांनी सांगितलं. कंप्युटर जागा झाला की पहिल्या झटक्यात खाचेत हात घालून पाहतो, कोण कोण आलंय. तेव्हा पेटी झोपलेली असली तर त्याला कुणीच सापडत नाही, आणि मग तो दिवसभर पुन्हा विचारत नाही. "लय घमेंडी असते तो," ताई म्हणाल्या. पिशवीतून लाल नखपॉलिशची बाटली काढून त्यांनी पेटीच्या बटणावर १ आणि कंप्युटरच्या बटणावर २ लिहिलं. दोन्हींची वीज एकाच बोर्डावरून घेतली. चालू असताना केबलला हात लावायचा नाही, हे तीन वेळा बजावलं.

"मॅडम, केबल लांब टाकता नाई येत का?" प्रणालीने विचारलं. "पेटी तिकडं रॅकवर ठेवली असती."

"वावराच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मार, बाई. अर्धी ऐकू येते, अर्धी वाऱ्यावर जाते. हे दोघं सेकंदात लाखो गोष्टी बोलतात. जवळच बरे."

दुपारी दोनला यंत्र सुरू झालं. धागा पळाला, आलेख उमटला. किसनरावांनी ओळखलं, आलेख पहिल्यासारखाच होता, एका केसाचा फरक नाही. ताईंनी स्क्रू ज्या क्रमाने काढले होते त्याच क्रमाने जेवणाच्या डब्याच्या झाकणातून उचलून लावले, टेबल पुसलं, आणि मग हात धुऊन स्वतःचा डबा खाल्ला.

निघताना ओमप्रकाशजी म्हणाले, "कितने दिन चलेगा ये जुगाड?"

"जुगाड नाई हे, साहेब. हे असंच बनवलेलं असते, पहिलेपासून. लोक इसरले." ताईंचा आवाज चढला नाही, पण पिशवीचा बंद हातात घट्ट धरलेला किसनरावांना दिसला. "पाच वर्सं चालन. पाच वर्सांत पेटीच्या खोटीनं तुमचं मशीन थांबलं, तं तेलगोटे या फाटकात पाय ठेवनार नाई."

ओमप्रकाशजींना ते वाक्य फार आवडलं. बाकीच्या गिरण्यांचे मॅनेजर चहाला भेटले की ते हे वाक्य हातवारे करून सांगायचे. त्याचा परिणाम असा झाला की आणखी दोन-तीन ठिकाणच्या जुन्या यंत्रांसाठी ताईंना बोलावणं आलं. नांदगाव पेठेतलं त्यांचं सगळं काम त्या एका शब्दावर उभं राहिलं. तो मोडला तर सगळंच जाईल, हे किसनरावांना पक्कं ठाऊक होतं.

करोनात गिरणी दोन महिने बंद होती. उघडली तेव्हा गाड्या नव्हत्या. ताईंनी फोनवरून किसनरावांकडून सगळं करून घेतलं. कुठलं झाकण, कुठला ब्रश, कुठे फुंकर मारायची नाही. "तुमाले नाई समजनार," हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही. किसनरावांच्या सख्ख्या मुलाच्या तोंडून ते रोज यायचं.

पुढे करोना सरला, त्या वर्षीच्या दसऱ्याला घोटाळा झाला.

दसऱ्याला गिरणी बंद असते. यंत्रं पुसून, हार घालून पूजा होते. तपासणीच्या खोलीची पूजा दरवर्षी किसनरावांची. फुलं घरच्या वावरातली, अक्षता माणिकबाईंनी घरून दिलेल्या. दरवर्षी ते सूत तपासायच्या यंत्राची पूजा करायचे. त्या वर्षी त्यांच्या मनात आलं, मान खरा पेटीचा आहे. ती आली नसती तर या खोलीला कुलूप लागलं असतं. आणि तिला आपण टेबलाखाली अंधारात ठेवलंय, केरसुणीशेजारी.

ताईंचा आदल्या दिवशी फोन येऊन गेला होता. "दोन दिवस माहा फोन बंद राहीन, भाऊ. नागपूरले जाऊन राहिली. दीक्षाभूमीवर तेवढ्या गर्दीत ऐकूच येत नाई."

किसनरावांनी पेटी बाहेर काढली. स्टुलावर पांढरं फडकं अंथरून मधोमध ठेवायची होती. पण केबल हातभरच. पोचेना. सगळं बंद होतं, तेव्हा ताईंच्या सांगण्याविरुद्ध काही होत नव्हतं. त्यांनी स्क्रू सोडवून केबल काढली, पेटी स्टुलावर ठेवली, पुसली, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि अक्षता वाहिल्या. पेटीच्या पाठीतला जोड उघडाच होता. बारीक बारीक छिद्रांच्या तीन ओळी, केबलच्या सुया बसायच्या त्या. तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

पूजा झाल्यावर पेटी परत टेबलाखाली गेली. केबल बसवताना हाताला काहीतरी अडलं. किसनरावांना वाटलं, नेहमीचंच असेल. त्यांनी अंगठ्याने जोर दिला. केबल बसली. निदान बसल्यासारखी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी पेटी, मग कंप्युटर. पडद्यावर ओळ आली, यंत्र सापडत नाही. बंद केलं, पुन्हा सुरू केलं. तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"भाऊ, तीनातली एकच पट्टी दिसून राहिली," प्रणाली म्हणाली. "काय झालं असन?"

किसनरावांना अंगठ्याखालचं ते अडणं आठवलं. तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं, "सुट्टीत लाइट गेली असन."

पुढे कित्येक दिवस त्यांना पूजेतल्या चुकीपेक्षा हे वाक्यच जास्त टोचलं.

दोन दिवस सुताचे कोन बोळीत साचत गेले. ओमप्रकाशजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "गई, मॅडम की पेटी गई. पाँच साल बोली थी, तीन भी नहीं हुए." चहाच्या वेळी शेजारच्या गिरणीचे मॅनेजर आले, त्यांनाही सांगितलं. किसनराव चहाचे कप उचलत होते. ते कप घेऊन लगेच बाहेर पडले.

शनिवारी ताई आल्या. नागपूरहून परतून एक रात्र घरी काढली असेल-नसेल. जमिनीवर फतकल मारून बसल्या, सगळं बंद केलं, केबल काढली, बॅटरीच्या उजेडात जोडात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बारीक चिमट्याने आतून काहीतरी ओढून काढलं, कागदात गुंडाळलं आणि पर्समध्ये टाकलं. वरही पाहिलं नाही.

"केबलीच्या दोन सुया वाकल्या," त्या प्रणालीला म्हणाल्या. "हे केबल आता बाजारात भेटत नाई. सुई तुटली तं पेटी गेली समज. पंखा बंद कर, बाई. भाऊ, बॅटरी धरा."

किसनरावांनी बॅटरी धरली. ताईंनी पिशवीतून बॉलपेनची रिकामी रिफिल काढली, टोक कापलेली. ती नळी वाकलेल्या सुईवर चढवायची आणि अगदी किंचित, तांदूळभर, सरळ करायची. मग थांबायचं. मग पुन्हा. जोर दिला की सुई मुळातून तुटणार. उजेडाचं वर्तुळ थरथरू लागलं.

"भाऊ, हात टेकवा. तुमचा हात हालला की माही सुई हालते."

किसनरावांनी मनगट जमिनीला टेकवलं. घाम डोळ्यांत उतरत होता. पाऊण तासाने दोन्ही सुया ओळीत उभ्या राहिल्या. ताईंनी केबल अशी बसवली की आवाजही झाला नाही. आधी पेटी. मग कंप्युटर. तिन्ही पट्ट्या दिसल्या. धागा पळू लागला.

प्रणालीने टाळी वाजवली. ताई हात पुसून उठल्या आणि ओमप्रकाशजींच्या केबिनकडे निघाल्या. किसनराव यंत्राची नोंदवही घेऊन मागोमाग गेले. तिच्यावर साहेबांची सही लागते. ते दारातच थांबले.

"चालू?" ओमप्रकाशजींनी विचारलं.

"चालू."

"क्या हुआ था?"

"केबलीचा जोड बराबर बसला नव्हता."

"किसने निकाला?"

"ते मले माहीत नाई."

"मतलब पेटी में ही खराबी." ओमप्रकाशजी खुर्चीत मागे रेलले. ते वाईट नव्हते, पण आपला जिंकलेला डाव सोडणारेही नव्हते. "मॅडम, आपने पाँच साल बोला था. याद है, क्या बोला था?"

"याद हाये." ताईंनी चष्मा काढून दोरीवर सोडला. "शब्द देला होता, तो पाळतो. पेटी चांगली सुरू हाये, तिले काई करू नका. पुढं काई झालं तं दुसरा मानूस पाहा."

आणि त्यांनी पिशवी खांद्यावर घेतली. एवढंच. रडगाणं नाही, रागही नाही. दाराकडे वळल्या.

दारात किसनराव उभे होते. बाजूला व्हायला हवं होतं. ते झाले नाहीत.

"साहेब," ते म्हणाले. मग एक पाऊल आत येऊन म्हणाले, "साहेब, पेटी नाई थांबली. म्या थांबवली."

ओमप्रकाशजींनी मान वर केली.

"दसऱ्याले पूजा केली. केबल म्या काढली. अक्षता वाह्यल्या. मंग केबल अडली तं... म्या अंगठ्यानं दाबली. लाइट-गिट काई गेली नव्हती. पोरगीले काई माहीत नाई. ताईची काई खोट नाई याच्यात." त्यांनी नोंदवही छातीशी धरली होती. "लिहून देऊ का?"

ओमप्रकाशजींनी नोंदवहीकडे पाहिलं, किसनरावांकडे पाहिलं. मग त्यांचं पोट हसण्याने हलू लागलं.

"किसनराव, तीस साल में पहली बार इतना लंबा बोले! और बोले तो ये बोले?" त्यांनी डोळे पुसले. "अगले साल पूजा मेरी केबिन की करो. इधर बिगडने को कुछ है ही नहीं." मग ताईंकडे वळून जरा ओशाळून म्हणाले, "मॅडम, आपकी जुबान सलामत. अभी दो साल बाकी हैं. बैठिए, चाय आती है."

ताई बसल्या नाहीत. "चाय बाहेर घेतो," म्हणाल्या.

कँटीनबाहेर कडुनिंबाखाली बाक आहे. तिथे दोघं बसली. ताईंनी पर्समधून कागदाची पुडी काढून उलगडली. आत कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा, मधोमध चेपलेला.

"हा घ्या तुमचा परसाद."

किसनरावांनी तो तळहातावर घेतला. मूठ मिटली.

"तुमाले तवाच समजलं होतं?"

"कुकवाचा तांदूळ पेटीत आपोआप पिकते का, भाऊ?"

"मंग साहेबाले काहून नाई सांगतलं?"

ताईंनी चहा बशीत ओतला. "मले काय माहीत, दाना कोनाचा? त्या पोरीचा असता तं? तिची नोकरी अजून कच्ची हाये. साहेबानं आजच काढली असती. माह्यं काय, मले अकोल्यात भंगार भरपूर हाये."

किसनरावांनी दाणा सदऱ्याच्या खिशात टाकला. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि विषय बदलावा तशा म्हणाल्या, "पूजेचं काई नाई. तुमी करा. फुलं वाहा, हार घाला, पेटीची काई तक्रार नाई अन् माहीबी नाई. फक्त भोकात काई टाकू नका."

मग त्या परत खोलीत गेल्या. औषधाच्या गोळ्यांची एक रिकामी प्लॅस्टिकची डबी पिशवीत होती. तिचं झाकण कापून, घासून त्यांनी पेटीच्या जोडाला बसेल असं बूच केलं, त्याला सुताचा दोरा बांधला, गिरणीचंच सूत, आणि पेटीच्या पाठीला अडकवून ठेवलं. केबल निघाली की बूच बसवायचं. त्या बुचावर नखपॉलिशने काहीच लिहिलं नाही. किसनरावांना लक्षात राहील, हे त्यांनी धरलंच होतं.

पाच वर्षं भरली त्या दिवशी ताई सफाईच्या कामासाठी आल्या होत्या. तारीख त्यांनी काढली नाही. ओमप्रकाशजींनीच कँटीनमधून आलूबोंडे मागवले आणि सगळ्यांपुढे म्हणाले, "हार गया, मॅडम." ताई म्हणाल्या, "पेटीले सांगा," आणि एक आलूबोंडा कागदात बांधून पिशवीत टाकला. कुणासाठी, ते तेव्हाही किसनरावांनी विचारलं नाही.

शेवटचा फोन आला तो मागच्या दसऱ्याआधीच्या सोमवारी. किसनराव खोली बंद करून निघत होते. ताईंचा आवाज नेहमीसारखाच होता. मागे कुकरची शिटी वाजली.

"काहो किसनभाऊ, यंदा तांदूळ मोजून ठेवले नं?"

"यंदा नुस्ती फुलं, ताई. बूच लावून."

"बरं. कोनती फुलं?"

"झेंडू. अन् शेवंती फुलली हाये यंदा. पांढरी."

"पांढरी हाये? मंग एक भारा माह्यासाठी ठेवजा. नागपूरले न्यायले होईन. बुधवारी येतो मी, पेटीचा पंखा पाहाचा हाये, तवा घेऊन जाईन."

"ठेवतो."

"पंखा आवाज करते का?"

"थोडासा. सकाळी."

"बरं, पाहू. अन् हे पाहा, देठं जरा लांब ठेवजा."

"ठेवतो, ताई."